आठ नवटाकांचा एक शेर

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद झाली तेव्हा मी गुडघ्याचं ऑपरेशन करून नुकतीच घरी आले होते. वर आले ती त्याच लिफ्टनं. एक हात वॉकरवर, दुसरा सुनेच्या खांद्यावर, अशी सातव्या मजल्यावर. आठवडा झाला नसेल, तर सोसायटीनं खाली कागद लावला की जुनी लिफ्ट तपासणीत नापास झाली आहे, नवी बसेपर्यंत सर्व सभासदांनी जिना वापरावा. सर्व सभासदांनी म्हणजे गुडघेवाल्यांनी. मला डॉक्टरांनी बजावलं होतं, आजी, इतक्यात जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तसं खारघरचं हे घर वाईट नाही. हवा आहे, उजेड आहे. एका खिडकीतून डोंगर दिसतो, दुसरीतून मेट्रोचा पूल. पण मी जन्म काढला करावे गावात. तिथं दाराबाहेर पाऊल टाकलं की कोणी ना कोणी विचारणारच, काय गो, कुठं चाललीस. इथं दाराबाहेर लॉबी आणि लॉबीत शेजाऱ्यांच्या चपला. नवरा गेल्यावर मुलानं इकडे आणलं. संध्याकाळी खाली उतरायचं, बाकावर बसायचं, भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करायची, एवढ्यावर माझा दिवस निघायचा. लिफ्ट गेली आणि तेही गेलं. सगळं वर यायला लागलं. भाजी वर, दूध वर, औषधं वर. आणणारे धापा टाकत दारात ठेवून जायचे. वरून खाली मात्र काही जायचं नाही, एक कचऱ्याची बादली सोडली तर.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न आलं होतं.

आमच्या आगरी लग्नात धवले म्हणतात. मांडव घालताना, हळद लावताना बायका बसून म्हणतात ती गाणी. म्हणणारी असते ती धवलारीण. ती पुढची ओळ देते, मागच्या बायका उचलतात. त्यात देवांना बोलावणं असतं, नवरीचं नाव असतं, तिच्या आईबापाचं, मामाचं नाव असतं. वहीबिही काही नसते, सगळं तोंडातच. आमच्या घरात आई थकल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी ओळ द्यायची, बहिणीनं उचलायची, तिच्यामागं बाकीच्यांनी. आम्ही दोघी अशा किती मांडवांत बसलोय त्याला मोजदाद नाही. नवरीची आईही करावेचीच, तिच्या हळदीलासुद्धा मीच म्हटलं होतं. ऑपरेशनची तारीखही आम्ही लग्न बघूनच धरली होती, की तोपर्यंत काठी टेकत का होईना मी मांडवात पोचेन. लिफ्टचा हिशेब कोणी धरला नव्हता.

भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, नवरीचा बाप, चांगला आहे. म्हणाला, "मावशे, खुर्चीत बसवून उतरवतो. चार मानसं आनतो." आणली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मला बसवली, दोघे वर, दोघे खाली. मी काय हलकी आहे? एपीएमसी मार्केटमधल्या कांद्याच्या गोणीपेक्षा जड. आमचा जिना अरुंद, त्यात लिफ्टवाल्यांनी प्रत्येक वळणावर लोखंड ठेवलेलं. पहिल्याच वळणाला खुर्ची वळेना. माझा पाय पुढं ताठ, तो काही दुमडत नाही, आणि तोच कठड्यावर आपटला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती माणसं मला अधांतरी धरून एकमेकांना सांगतायत, तू घे, तू सोड, आणि मी खाली सहा मजल्यांचा जिना बघतेय. म्हटलं, पोरांनो, मला परत वर न्या.

परत वर आणली. भाचा घाम पुसत माझ्यासमोर बसला.

"मग काय करायचं, मावशे? स्पीकरवाल्याकडं हलदीची गानी हायत. लावायची का?"

"ती स्पीकरवाल्याची. तुझ्या आयशीनं कुनाच्या मागं बोलायचं मग?"

 त्यालाही ठाऊक होतं, त्याची आई दुसऱ्या कुणाच्या मागं बोलायची नाही.

सुनेनं तोडगा काढला. माझी सून नांदेडकडची, घरूनच कंपनीचं काम करते, दिवसभर दार लावून कॉम्प्युटरशी बोलत असते. ती म्हणाली, आई, व्हिडिओ कॉलवर म्हणा. तुम्ही इथून, मावशी तिथून. मला पटलं. हळदीच्या आधी आम्ही तालीम केली. मी इथं पलंगावर, बहीण तिथं ओटीवर, दोघींच्या समोर फोन उभे केलेले.

मी ओळ दिली. बहीण नुसती बघत राहिली. मला वाटलं विसरली. मी तीच ओळ पुन्हा दिली, तेवढ्यात तिचा आवाज आला, माझ्या आवाजावर आपटला.

"तू थांबतेस कुठं?" ती ओरडली.

"मी थांबले होते. तूच उचलली नायस."

"उचलली की. तू मधेच बोललीस."

"मी मधे नाय बोलले. तुझा आवाज उशिरा येतो."

"माझा कशाला उशिरा येईल? मी हितंच हाय."

असं आम्ही तास घालवला. एक ओळ धड पार पडली नाही. तिचं तोंड हलायचं आधी, आवाज यायचा मग, आणि मधेच चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बाय, ह्याच्यापेक्षा तू खिडकीतून वरड, करावेपर्यंत येईल." आणि फोन उलटा ठेवला. मला बराच वेळ त्यांच्या घराचं छप्पर दिसत होतं. पंखा फिरत होता. मी तो बघत बसले, कारण तो करावेचा पंखा होता.

मग ठरलं की आधीच म्हणून ठेवायचं, व्हिडिओ काढून पाठवायचा. मांडवात पडद्यावर मी दिसणार, मोठ्यानं आवाज लागणार आणि बहीण बाकीच्या बायकांना घेऊन ओळी उचलणार. त्यात एक मेख होती. मी ओळ देऊन थांबले पाहिजे, बहीण उचलेल तेवढा वेळ, आणि मग पुढची. समोर कोणी नसताना. ते कसं जमवलं सांगू? मनात तिचा आवाज ऐकायचा. तिची ओळ संपली, तिनं श्वास घेतला, की मी सुरू. जन्मभर ऐकलेला आवाज, त्याला फोन कशाला लागतो.

सुनेनं सात मजले चढून गजरा आणला. हिरवी साडी मी स्वतःच नेसले, बसूनच, त्याला सकाळ गेली. लिफ्टवाले जेवायला गेले की आम्ही फोन चालू करायचो. ते लवकर परतले की आमच्या भिंतीपलीकडे घर्रर्र सुरू व्हायचं. तरी चाळीसेक मिनिटांचं छान झालं. सून म्हणाली, सगळ्यात चांगल्या क्वालिटीत काढलंय, पाच जीबी झालं.

भाच्यानं फोन केला, "मावशे, मानूस धाडू का पेन ड्राइव्ह घ्यायला?"

आता इथं माझी अक्कल धावली. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, तिकडूनच थेट मांडवात पोचणार होता. त्याला मी विचारलं होतं, आपलं इंटरनेट किती वेगाचं. तो घाईत म्हणाला होता, "आई, शंभरचं कनेक्शन आहे. शंभर एमबी सेकंदाला." मी भाजी विकलेली बाई. पहाटे एपीएमसीत माल घ्यायचा, नेरूळला रस्त्यावर बसून विकायचा. तिथं भाव सांगतात दहा किलोचा. त्याचा किलोचा काढायचा, त्यात टेम्पोचं भाडं घालायचं, सडका माल वजा करायचा आणि गिऱ्हाइकाला पाव किलोचा सांगायचा, हे मी गोणीवर बसल्या बसल्या करत असे. पाच जीबी म्हणजे पाच हजार एमबी. सेकंदाला शंभर. झाले पन्नास सेकंद. मी भाच्याला म्हटलं, "मानूस कशाला? एका मिनटात येईल. तू मांडवाचं बघ."

आणि मिनिटाचंच काम, म्हणून मी निवांत झाले. काढलेलं परत ऐकत बसले. ऐकता ऐकता लक्षात आलं की एका ठिकाणी मी नवरीच्या जागी तिच्या आईचं नाव घेतलंय. तिच्या हळदीला म्हटलं होतं ना, जिभेला तीच सवय. तसं ते ठेवून चाललं नसतं. हळदीला चुकीचं नाव म्हणजे बायकांनी मला वर्षभर ऐकवलं असतं. हळदीच्या दिवशी पुन्हा साडी, पुन्हा तो कोमेजलेला गजरा, आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं म्हटलं. मधे लिफ्टवाल्यांनी दोनदा घालवलं. चार वाजून गेले. हळद पाचला होती. मी म्हटलं, पाचला पाच कमी असताना पाठवलं तरी चालेल, तरी आपण आताच पाठवू.

सुनेनं बटण दाबून दिलं आणि ती मीटिंगला गेली. मी फोन मांडीवर घेऊन बसले. एक रेघ होती, ती निळी होत जायची. मिनिट झालं. रेघेचं टोक जेमतेम निळं झालं होतं. मला वाटलं, फोन अडला. हलवून बघितला. मग उठले, वॉकर सरकवत सुनेच्या दाराशी गेले. तिच्या मीटिंगमध्ये मी कधी दार वाजवत नाही. त्या दिवशी वाजवलं.

ती कानातलं काढून बाहेर आली. फोन बघितला, काहीतरी दुसरं उघडलं, त्यात एक काटा गरागरा फिरला.

"आई, सहा येतोय."

"सहा काय? शंभर आहे ना आपलं?"

"ते येणारं. डाउनलोड. जाणारं आपल्याला दहाच दिलंय. त्यात आज सगळी बिल्डिंग घरूनच काम करतीय, लिफ्ट नाही म्हणून. सहाच्या वर जाईना."

"बरं, सहा तर सहा. पाच हजार भागिले सहा." मी मनात केलं. "पाव तास. पोचतंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. 

"आई, ते सहा एमबी नाहीत. ते बिट आहेत. फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्या सहाला आठानं भागायचं."

"आठानं का?"

"तसंच माप आहे त्यांचं. वेग सांगायचा तर बिटमध्ये सांगतात, वजन सांगायचं तर बाइटमध्ये."

मी वॉकर धरून तिथंच उभी राहिले. मला माझी आई आठवली. आमची आई सुका जवळा, ती बारीक वाळवलेली मासळी, विकायची. किलो येऊन जमाना झाला तरी तिनं आपली जुनी लोखंडी मापं टाकली नव्हती. शेर, अच्छेर, पावशेर आणि सगळ्यात धाकटं नवटाक. मी लहान असताना मला खेळायला नवटाक द्यायची. आठ नवटाकांचा एक शेर.

"म्हणजे नवटाकात सांगतात आणि आपण शेर समजतो," मी म्हटलं.

"नवटाक म्हणजे ते दारूचं?"

"ते तुझ्या सासऱ्यांचं. आमच्या आईचं जवळ्याचं होतं."

ती हसली, पण घड्याळाकडे बघत हसली. मी हिशेब केला. सहा नवटाक म्हणजे पाऊण शेर. सेकंदाला पाऊण. पाच हजारांना पाऊण पाऊण करत जायचं तर दोन तासांच्या आसपास. मुलानं शंभर सांगितले तेही नवटाकच होते, तो स्वतःही शेर समजूनच बोलला. कंपनीवाले तरी काय, शंभर नवटाक म्हटलं की कानाला भरघोस लागतं, साडेबारा शेर कोण म्हणेल. मी स्वतः लसूण पाव किलोच्या भावानं ओरडायचे, किलोचा ऐकून गिऱ्हाईक पळू नये म्हणून. मला कळायला हवं होतं.

साडेचार वाजले होते. सून म्हणाली, "मी फोन घेऊन रिक्षानं जाते." पण संध्याकाळची वेळ, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा. आणि मला एकटीला सोडायचं नाही हे तिनंच डॉक्टरांना कबूल केलेलं. मी बाथरूमला उठले आणि पडले तर उचलायला सात मजले चढून कोण येणार. तिनं पर्स हातात घेतली, परत ठेवली.

तेवढ्यात बहिणीचा फोन. मागं ताशा, पोरांचा गलका.

"बाय, बायका बसल्यात. हलद भिजवून ठेवलीय. कुठं हाय तुझा आवाज?"

"येतोय."

"मगाशी मिनिट बोललीस. तुझं मिनिट काय शिमग्यापासून चालू हाय काय?"

"लाइन बारीक हाय इथं. येतोय बोलले ना."

"तो स्पीकरवाला विचारतो, लावू का माझं. मी बोलले त्याला, हात लावशील तर बघ. पन किती येल थांबवू? पोरगी पाटावर बसलीय, पाय अवघडले तिचे."

मी फोन छातीशी धरला. खरं सांगते, मला तेव्हा त्या घराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या.  करावे तिकडे आहे, हे मला माहीत आहे, डोंगराला पाठ केली की समोर. चालत्या माणसाला काहीच लांब नाही. मला तिथं पोचायचं होतं, ते पाय चालत नाहीत म्हणून राहिलं, आता आवाजही ह्या घरातून बाहेर पडत नव्हता.

सून माझ्या शेजारी पलंगावर बसली. हळू म्हणाली, "आई, चित्र काढून टाकू?"

"म्हणजे?"

"जड आहे ते चित्र. तुमचा चेहरा, साडी, मागची भिंत, पंखा. ते सगळं जातंय. नुसता आवाज काढला तर चाळीस एमबी."

चाळीस. पाच हजारांतले चाळीस. मी साडीवरून हात फिरवला. तिला कळलं.

"साडी मी नंतर पाठवते," ती म्हणाली. "फोटो काढून."

"राहू दे साडी. आवाज पाठव."

चाळीसला पाऊण पाऊण. सुनेनं बोटं चालवली, पुन्हा ती रेघ आली, आणि ह्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत भरत गेली. मिनिटभर लागलं. मी मिनिट म्हटलं होतं, मिनिटच लागलं.

बहिणीनं साधा फोन चालूच ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. आधी खरखर, मग भाचा कुणाला तरी गप बसवतोय, आणि मग त्या मोठ्या स्पीकरमधून मी. माझा आवाज मला ओळखू आला नाही, आईसारखा वाटला. पहिली ओळ संपली. मी ठेवलेली रिकामी जागा आली. त्या जागेत इथं, ह्या खोलीत, काहीच नव्हतं, एक पंखा आणि मनातली बहीण. तिथं त्या जागेत खरी बहीण उतरली, तिच्यामागं बायका. मग पुन्हा मी. मधे एकदा लिफ्टवाल्यांची घर्रर्र मांडवात वाजली. एक बाई म्हणाली, "हे काय गो?" बहिणीनं गाणं न तोडता सांगितलं, "लिफ्ट." सगळ्या हसल्या. नवरीचं नाव आलं, बरोबर आलं. मी आणि सून पलंगावर बसून होतो. सुनेची मीटिंग तशीच उघडी राहिली होती, आतून कोणी तरी हॅलो हॅलो करत होतं.

हळद लागली. व्हिडिओही आपला रखडत रखडत सात वाजता पोचला. तोपर्यंत स्पीकरवाल्यानं त्याची गाणी लावली होती, पोरं नाचत होती. तो व्हिडिओ कोणी उघडला असेल असं मला वाटत नाही.

इथं संपलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. मी खूश होते. लग्नानंतर दोनचार दिवस सगळ्यांचे फोन, की काय आवाज लागला, तुम्ही तिथं नव्हता असं वाटलंच नाही. भाचा म्हणाला, "मावशे, आता दगदगच नाय तुला. आवाज हाय आपल्याकडं. सगल्यांच्या मोबाइलवर गेला." त्यानं प्रेमानंच म्हटलं. मी हो हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र जेवण जाईना. मी घरात अडकले हे मला समजत होतं, आता गावालाही मी घरातच बरी वाटत होते.

मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. गावात दुसऱ्या एका घरी हळद होती.

"ते मागतात गो तुझं रेकॉर्डिंग."

"त्यात आपल्या पोरीचं नाव हाय."

"ते कापून दुसरं बसवतो म्हनतो स्पीकरवाला. हल्ली येतं म्हनं करता, तुझ्याच आवाजात."

 मग विचारलं, "आनि मधल्या जागा? त्या तूच भरनार?"

"हो, मलाच बोलवलंय."

"बरं झालं मग. परवा छान उचललंस तू. मी बरोब्बर मापानं थांबले होते."

ती हसली, नीट नाही हसली.

"बाय, एक सांगू? तुला वाईट वाटायचं."

"सांग."

"मी पोचत नव्हते. दोनतीन ओळी झाल्या आनि मना दम लागला. पूर्वीसारखा श्वास ऱ्हायला नाय माझा. तू आपली पुढची ओळ देतेस. मी डोले मोठे करून त्या डब्याकडं बघतेय, की थांब जरा. तो कुठला थांबतो. शेवटाला मी नुसते ओठ हलवले. बायका बोलत होत्या."

 मला वाटलं होतं, जन्मभर ऐकलेला आवाज, त्याचं माप माझ्या मनात पक्कं आहे. ते माप जुनं होतं. मांडवात शेजारी बसले असते तर तिच्या खांद्यावरून कळलं असतं, तिचा खांदा वर गेला की मी ओळ लांबवली असती, पुन्हा एकदा म्हटली असती, तोंडातला घोट गिळायचं निमित्त केलं असतं. तसं मी आईसाठी करत असे तिच्या शेवटच्या वर्षांत. कुणाच्या लक्षात येत नसे.

"बोलली का नायस तेव्हा?"

"काय बोलू? तू तिकडं एकटी बसलेली. एवढी सजून बसली असशील."

"सजले होते. हिरवी नेसले होते."

"मना ठावं होतं तू हिरवीच नेसशील."

 तिच्या मागं कोंबडी ओरडत होती.

"त्यांना देऊ नको," मी म्हटलं.

"मग काय सांगू?"

"सांग, बाय येते."

"कशी येतेस? उडून?"

"हलद कधी हाय?"

"तुलशीच्या लग्नानंतर. दिवस हायत अजून. पन तुझी लिफ्ट?"

"ते मी बघते. तू त्यांना सांग येते म्हनून. आनि तू रोज थोडी चाल. दम वाढतो."

"तू चाल आधी," ती म्हणाली आणि ठेवला.

तेव्हापासून मी सकाळी चहा झाला की वॉकर घेऊन लॉबीत जाते. सून म्हणते व्यायाम आहे, होऊ दे. लिफ्टच्या जागी अजून दार नाही, आडवी फळी लावलीय आणि तांबडी चिंधी बांधलीय. आत खालपर्यंत काळोख, त्यात एक बल्ब लटकतो. तिथं उभं राहिलं की खालच्या मजल्यांवरचे आवाज येतात, कुकरची शिट्टी, कुणाचं भांडण, अगदी खालून रिक्षाचा हॉर्न. मिस्त्री चौथ्या मजल्याच्या आसपास काम करत असतो, त्याचं नुसतं डोकं दिसतं. मी वरून विचारते, "काय हो, कुठवर आलं?"

तो वर बघतो. आता ओळखतो मला.

"दिवाळीनंतर बघू, आजी."

"दिवाळीनंतर म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आधी की नंतर?"

तो हातातला पाना पुसतो. "आजी, कंपनीतून माल आला तर आधी. नाही आला तर नंतर."

मी जरा वेळ तिथंच थांबते. फळीला टेकून, हळू आवाजात, पहिली ओळ म्हणते. ती त्या भोकात खाली जाते. मग बहिणीच्या आताच्या श्वासाएवढी थांबते, पूर्वीच्यापेक्षा बरीच जास्त, आणि पुढची म्हणते.